पटांगणात सूर्यमाला मांडायची तर प्रमाण कसं ठरवायचं

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या पटांगणात आमची पृथ्वी हरवली. मोहरीचा दाणा होता. सातवीतल्या एका मुलीने तो चिमटीत धरून पंधरा मीटरवर नेला, "ठेवला हां सर" म्हणाली आणि मातीत सोडून दिला. पुढची दहा मिनिटं सगळा वर्ग गुडघ्यांवर बसून पृथ्वी शोधत होता. आपल्याकडची, म्हणजे गोव्यातली, माती तांबडी आणि मोहरीही तशीच काळपट तांबडी, सापडणार कुठून? शेवटी डब्यातून दुसरी पृथ्वी काढली, पांढऱ्या कार्डावर फेविकॉलने चिकटवली आणि काम पुढे सरकलं. मंगळ तर खसखशीचा दाणा होता. तो आधीच चिकटवून ठेवला म्हणून वाचला.

ज्यांना पहिल्यांदाच सूर्यमालेची प्रतिकृती करायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. शिक्षक असतील, पालक असतील, किंवा यंदा गणेशचतुर्थीच्या देखाव्यात काहीतरी वेगळं करूया म्हणणारी वाड्यावरची पोरं असतील. गणित सातवीच्या पुढचं लागत नाही. भागाकार यायला हवा आणि शून्यं मोजताना घाई करायची नाही.

विज्ञान प्रदर्शनात नेहमी दिसणारी प्रतिकृती सगळ्यांनी पाहिलेली आहे. मधे थर्माकोलचा पिवळा सूर्य, भोवती तारांवर टोचलेले ग्रह, गुरू सूर्याच्या निम्मा आणि शनी पृथ्वीपासून वीतभर. परीक्षकाने "प्रमाण किती धरलंय?" असं विचारलं की मुलगा बाईंकडे बघतो आणि बाई छताकडे. त्या प्रतिकृतीत क्रम असतो, प्रमाण नसतं. क्रम शिकवायला ती पुरेशी आहे, मी तिला नावं ठेवत नाही. फक्त तिला 'प्रमाणबद्ध' म्हणू नये एवढंच.

प्रमाण धरायला बसलं की अडचण लगेच कळते. ग्रह लहान आहेत आणि त्यांच्यामधली जागा अफाट आहे. नेपच्यूनची १ सेंटिमीटरची गोटी केली, तर त्याच प्रमाणात ती सूर्यापासून सुमारे ९१० मीटरवर ठेवावी लागते. टेबलावर, फळ्यावर किंवा पुस्तकाच्या पानावर हे बसणं शक्यच नाही. म्हणून पुस्तकातल्या चित्रात ग्रह दाटीवाटीने उभे असतात.

पहिली पायरी: काय दाखवायचंय ते आधी ठरवा

तीनच पर्याय आहेत. ग्रहांचे आकार एकमेकांशी ताडून दाखवायचे, किंवा अंतरं दाखवायची, किंवा दोन्ही एकाच प्रमाणात दाखवायची. पहिले दोन घरात, वर्गात होतात. तिसऱ्याला मोकळी जागा लागते, आणि खरी मजा त्यातच आहे. आकाराला एक प्रमाण आणि अंतराला दुसरं, असा चौथा मार्गही लोक काढतात. तो चुकीचा नाही, पण पाटीवर दोन्ही प्रमाणं ठळक लिहायला हवीत. नाहीतर बघणारं मूल घरी जाऊन सांगणार की गुरू इथून दिसतो तेवढाच लांब आहे.

दुसरी पायरी: जागा मोजा

बहुतेक जण इथे उलटं करतात. आधी थर्माकोलचे गोळे विकत आणतात, मग प्रमाण शोधत बसतात. प्रमाण जागेतून निघतं. तेव्हा पहिल्यांदा उठा आणि पटांगण पावलांनी मोजा. दहा मीटरची सुतळी जमिनीवर टाकून त्यावर स्वतःची पावलं मोजलीत की तुमचं पाऊल किती लांब ते कळतं. माझं सुमारे ७५ सेंटिमीटर भरतं. लांब रस्ता असेल तर मोबाइलवरच्या नकाशात दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर मोजता येतं. वाहतुकीचा रस्ता मात्र यादीतून आधीच काढून टाका.

तिसरी पायरी: खरे आकडे एका कागदावर उतरवा

पुढचे आकडे गोल केलेले आहेत. पहिला आकडा व्यास, दुसरा सूर्यापासूनचं सरासरी अंतर.

सूर्य: १३,९२,७०० किमी
बुध: ४,८८० किमी, ५.८ कोटी किमी
शुक्र: १२,१०० किमी, १०.८ कोटी किमी
पृथ्वी: १२,७५० किमी, १५ कोटी किमी
मंगळ: ६,८०० किमी, २२.८ कोटी किमी
गुरू: १,४३,००० किमी, ७८ कोटी किमी
शनी: १,२०,५०० किमी, १४३ कोटी किमी
युरेनस: ५१,१०० किमी, २८७ कोटी किमी
नेपच्यून: ४९,५०० किमी, ४५० कोटी किमी
चंद्र: ३,४७५ किमी, पृथ्वीपासून ३,८४,४०० किमी

जुन्या मराठी पुस्तकात प्रजापती आणि वरुण भेटले तर ते म्हणजे युरेनस आणि नेपच्यून. सगळीकडे व्यास घ्यायचा. एखाद्या पुस्तकात त्रिज्या दिलेली असते, आणि सूर्याची त्रिज्या पण ग्रहांचा व्यास अशी खिचडी मी डोळ्यांनी पाहिली आहे. दशांशाच्या मागे फार लागू नका. कक्षा लंबवर्तुळाकार आहेत, त्यामुळे बुधाचं अंतर ४.६ ते ७ कोटी किलोमीटरच्या दरम्यान बदलत राहतं. तिथे तिसरा आकडा सांभाळून काय करणार?

चौथी पायरी: भागाकार

सर्वांत लांबच्या ग्रहाचं अंतर घ्या आणि तुमच्या जागेच्या लांबीने भागा. समजा पटांगण ९० मीटर आहे आणि नेपच्यूनपर्यंत जायचंय. ४५० कोटी किलोमीटर भागिले ९० मीटर, म्हणजे एका मीटरला ५ कोटी किलोमीटर. ५ कोटी किलोमीटर म्हणजे ५० अब्ज मीटर, म्हणून प्रमाण झालं १ : ५० अब्ज.

अब्ज म्हणजे १०० कोटी. यावर क्षणभर थांबा, कारण शून्यं इथेच चुकतात. किलोमीटरचे मीटर करताना तीन शून्यं वाढतात, मिलिमीटर करताना सहा. मी मुलांना नेहमी दोन ओळी वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावतो. १ : १ अब्ज या प्रमाणात १ मिलिमीटर म्हणजे १,००० किलोमीटर, आणि १ मीटर म्हणजे १० लाख किलोमीटर. या दोन ओळी पाठ असल्या की बाकीची प्रमाणं तोंडी करता येतात. १० अब्ज हवेत? प्रतिकृतीतलं प्रत्येक माप दहाने भागा.

पाचवी पायरी: बारीक टोक तपासा

पटांगणात नेपच्यून बसला म्हणून खूश होऊ नका. आता सर्वांत लहान ग्रह बघा. १ : ५० अब्ज या प्रमाणात सूर्य होतो २.८ सेंटिमीटरचा, म्हणजे लहानसं लिंबू. पृथ्वी पाव मिलिमीटर. बुध एक दशांश मिलिमीटर, तो पेनाच्या टोकाच्या ठिपक्याहूनही बारीक. अशी सूर्यमाला मांडता येते, दाखवता येत नाही.

माझा हिशेब साधा आहे. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान वस्तू हाताळायची नाही. आता दोन वाटा उरतात. एक, नेपच्यूनचा आग्रह सोडायचा. शनीपर्यंतच थांबलात तर त्याच ९० मीटरच्या पटांगणात १ : २० अब्ज बसतं. शनी ७१ मीटरवर येतो, पृथ्वी साधारण ०.६ मिलिमीटर होते आणि बुध मात्र पाव मिलिमीटरचा, तेव्हा त्याच्यासाठी सुईने टोचलेलं भोक चालवून घ्या. दुसरी वाट म्हणजे फाटकाबाहेर पडायचं. मी दुसरी निवडतो.

सहावी पायरी: आकडा गोल करा

भागाकारातून १ : ९.३ अब्ज असं काहीतरी निघालं तर ते तसंच ठेवू नका. १० अब्ज करा. गोल आकड्याने गणित सोपं होतं, आणि बघणाऱ्याला पाटी वाचताच उलटा हिशेब करता येतो.

माझ्या अनुभवात नवख्यांसाठी १ : १० अब्जला तोड नाही. पूर्ण सूर्यमाला ४५० मीटरमध्ये बसते, म्हणजे माझी सहाशे पावलं. मुलं कंटाळत नाहीत, ग्रह जेमतेम का होईना पण दिसतात, आणि सूर्य हातात धरता येतो. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर कायमची उभी केलेली सूर्यमालाही याच प्रमाणात आहे.

१ : १ अब्ज हे राजेशाही प्रमाण. सूर्य १.३९ मीटरचा, पृथ्वी पावणेतेरा मिलिमीटरची, आणि नेपच्यून साडेचार किलोमीटरवर. पणजीच्या मांडवी नदीवरचा अटल सेतू ५.१ किलोमीटर लांब आहे. सूर्य एका टोकाला धरला तर नेपच्यून दुसऱ्या टोकाच्या थोडा अलीकडे येतो. पणजीहून रायबंदरला जाणारा पोर्तुगीजांच्या वेळचा बांध सुमारे ३.२ किलोमीटरचा आहे, त्यावर युरेनसपर्यंत सगळे बसतात. ही उदाहरणं नुसती डोळ्यांसमोर आणायला आहेत. मुलांना घेऊन यातल्या कुठल्याही रस्त्यावर जाऊ नका.

आणि अख्खा गोवाच वापरायचा तर? भिंतीवर नकाशा लावा, कंपास घ्या आणि १ : १० कोटी धरा. पणजीत १४ मीटरचा सूर्य. पृथ्वी दीड किलोमीटरवर, व्यास पावणेतेरा सेंटिमीटर. गुरू पावणेआठ किलोमीटरवर, जुन्या गोव्याच्या जरा अलीकडे, आणि तो १.४ मीटरचा. शनी सव्वाचौदा किलोमीटरवर, मयेच्या तळ्याच्या आसपास. युरेनस मडगावात. नेपच्यून ४५ किलोमीटरवर, काब द रामच्या किल्ल्याजवळ. प्लूटोला अजून ग्रह म्हणणारे असतील तर त्याचं सरासरी अंतर ५९ किलोमीटर, म्हणजे काणकोण. ही सगळी सरळ रेषेतली अंतरं आहेत, बसच्या तिकिटावरची नव्हेत. स्वीडनमध्ये अशी देशभर पसरलेली सूर्यमाला खरोखर उभी आहे. तिचं प्रमाण १ : २ कोटी, आणि स्टॉकहोममधली एक प्रचंड गोल इमारत हा तिचा सूर्य. आपण तूर्त पटांगणात परतू.

सातवी पायरी: वस्तू शोधा, पण मोजून

इथे स्वयंपाकघर कामाला येतं. १ : १० अब्जसाठी सूर्य १४ सेंटिमीटरचा हवा. मध्यम पपनस बरोबर बसतं. पृथ्वी आणि शुक्र दोघेही सव्वा मिलिमीटरच्या आसपास, त्यांना बारीक मोहरी. मंगळ ०.७ मिलिमीटर, खसखस. बुध अर्धा मिलिमीटर, त्याला बारीक रव्याचा कण. युरेनस आणि नेपच्यून पाच पाच मिलिमीटरचे, म्हणजे मिऱ्याचे दोन दाणे. मिरी तर आपल्या कुळागरातलीच, म्हणजे सुपारी-मसाल्याच्या बागेतली. गुरूला १४ मिलिमीटरची बारकी गोटी, शनीला १२ मिलिमीटरचा भिजवलेला काबुली चणा.

शनीची कडी करायला दहा रुपयांचं नाणं कागदावर ठेवून पेन्सिल फिरवा. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आणि मुख्य कड्यांचा व्यास या प्रमाणात २७ मिलिमीटरच येतो. हा योगायोग मला कळला तेव्हा मी दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. ऐकून घेणारं कोणी नव्हतं ते सोडा.

'मोहरीएवढी' हे माप नव्हे. मोहरी लहानमोठी असते. मुलांना दहा दाणे पट्टीच्या कडेला चिकटून ओळीत लावायला सांगा, एकूण लांबी बघा आणि दहाने भागा. ओळ १२ ते १३ मिलिमीटर भरली तर ती आपली पृथ्वी. वीस भरली तर तो डबा परत फडताळात. मिऱ्यालाही हीच युक्ती. शाळेत व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तमच, पण ओळीची युक्ती कॅलिपर नसताना जास्त शिकवून जाते. घरी दाणे ओळीत लावताना दार उघडं ठेवू नका, वाऱ्याने तीनदा उधळले आहेत.

प्रत्येक ग्रह पोस्टकार्डाएवढ्या पांढऱ्या कार्डावर चिकटवा, खाली नाव, खरा व्यास, खरं अंतर आणि प्रमाण. कार्ड बांबूच्या काठीला. दाणा एवढासा असला तरी काठी दिसते आणि मुलं लांबून बोट दाखवतात.

१ : १ अब्जचा सव्वा-दीड मीटरचा सूर्य करायची हौस असेल तर गावातल्या, दिवाळीला नरकासुराचा पुतळा करणाऱ्या पोरांना गाठा. बांबूच्या कामट्या वाकवून सांगाडा उभा करणं, त्यावर कागद चढवणं हे त्यांच्या हातातलं काम आहे. फक्त दिवाळीच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा ते कोणाचं ऐकत नाहीत. तेवढा खटाटोप नको असेल तर भिंतीवर १.३९ मीटरचं पिवळं वर्तुळ रंगवलं तरी भागतं. सूर्याचा गोळाच हवा असा नियम नाही.

आठवी पायरी: मांडणी

मोकळी जागा म्हटली की आपल्याला किनारा आठवतो. बरोबरच आहे. मिरामारच्या वाळूवर साडेचारशे मीटर सहज मिळतात. आम्हीही एकदा गेलो. ओल्या वाळूत काठ्या छान रुततात म्हणून पाण्याच्या कडेने ओळ धरली, गप्पा मारत नेपच्यूनपर्यंत गेलो आणि परत येतो तर मंगळ नाही. शुक्र आडवा झालेला, पृथ्वी पाण्यावर तरंगत सुटलेली. आदल्या दिवशी पौर्णिमा होती. उधाणाची भरती असते हे किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला सांगावं लागतं, याची लाज आजही वाटते. म्हणजे चंद्राने पृथ्वी नेली. मुलांना भरती शिकवायला याहून सोपा धडा मिळाला नसता, पण कार्डं पुन्हा करावी लागली. तेव्हा भरती-ओहोटीची वेळ बघून जा, ओहोटी पूर्ण होण्याच्या दोन तास आधी पोचा, आणि ओळ सुरूच्या झाडांच्या बाजूने कोरड्या वाळूत धरा. उन्हाचं म्हणाल तर सकाळी आठपर्यंत संपवा.

ओळ सरळ असली पाहिजे असं नाही. खरे ग्रह कधीच असे रांगेत उभे नसतात. वाट वळणाची असेल तर वाटेवरचं अंतर धरा आणि पाटीवर तसं लिहा.

सूर्यापासून चालायला लागलं की पहिले चार ग्रह तेवीस मीटरच्या आत येऊन जातात. मुलांना वाटतं, झालं की! मग गुरूसाठी पंचावन्न मीटर चाला. शनीसाठी आणखी पासष्ट. तिथे थांबून मागे पाहायला सांगा. जुन्या पंचांगातली सूर्यमाला शनीपाशी संपते, कारण नुसत्या डोळ्यांना सहज दिसणारा शेवटचा ग्रह तोच. १७८१ मध्ये विल्यम हर्शलला युरेनस सापडला, आणि तो सूर्यापासून शनीच्या दुप्पट लांब निघाला. ते 'दुप्पट' पायांना कळायला हवं. आतापर्यंत जेवढं चाललात तेवढंच पुन्हा चाला, मधे काही नाही, आणि शेवटी मिऱ्याचा एक दाणा. नेपच्यूनसाठी आणखी १६३ मीटर. इथपर्यंत आलं की कोणीतरी हमखास विचारतं, "सर, मधे काहीच नाही?" मधे लघुग्रह, धूमकेतू, धूळ आहे, पण या प्रमाणात ते कुणाच्याही डोळ्याला दिसणार नाही.

चूक झाली आहे का, हे कसं ओळखावं

मांडणी झाली की पृथ्वीच्या कार्डापाशी उभे राहा आणि मागे पपनसाकडे बघा. ते आकाशातल्या पूर्ण चंद्राएवढं दिसलं पाहिजे. आकाशात सूर्य आणि चंद्र जवळजवळ सारखेच दिसतात, सुमारे अर्धा अंश. हात लांब करून करंगळी आडवी धरली की दोन्ही तिच्यामागे लपतात. पंधरा मीटरवरचं १४ सेंटिमीटरचं पपनसही तसंच लपायला हवं. लपलं नाही तर कुठेतरी शून्य खाल्लंय किंवा आकार आणि अंतराचं प्रमाण वेगळं झालंय. ही परीक्षा कुठल्याही प्रमाणाला लागू पडते, कारण सूर्याच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट अंतरावर पृथ्वी आहे, आणि हे गुणोत्तर प्रतिकृतीत बदलत नाही. खऱ्या सूर्याकडे बघून ताडायला जाऊ नका. रात्री चंद्राशी ताडा.

पृथ्वीपाशी थोडं रेंगाळा

चंद्र पृथ्वीच्या कार्डावरच बसतो. दाण्यापासून ३.८ सेंटिमीटरवर पेनाने एक बारीक ठिपका द्या. १९६९ ते १९७२ या काळात माणसं उतरली ती या ठिपक्यावर, आणि २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेही याच ठिपक्यावर. माणूस स्वतः याहून लांब जवळपास गेलेलाच नाही.

त्याच कार्डावर आदित्य एल-१ दाखवा. सूर्याचा अभ्यास करणारं यान म्हटल्यावर मुलांच्या डोक्यात ते सूर्याच्या अंगणात जाऊन बसलेलं असतं. खरं तर ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. आपल्या ओळीत १५ सेंटिमीटर. पपनस पंधरा मीटरवर आणि यान वीतभर पुढे. कार्डाच्या कडेला १५ सेंटिमीटरची कामटी बांधा आणि टोकाला कागदाचा तुकडा लावा. दहा मिनिटं बोलून समजलं नसतं ते कामटीने समजतं. उलट टोकाला व्हॉयेजर-१. १९७७ मध्ये निघालेलं हे यान आता या प्रमाणात पपनसापासून २.४ किलोमीटरच्याही पुढे गेलं आहे. ते पटांगणात कुठेच बसत नाही, तेव्हा गावातलं तेवढ्या लांबचं एखादं ठिकाण शोधून ठेवा. आमच्याकडे देऊळ आहे.

आणि प्रकाश? १ : १० अब्ज या प्रमाणात तो सेकंदाला ३ सेंटिमीटर चालतो, मुंगीसारखा. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत सुतळी ताणा, दर ३० सेंटिमीटरला शाईची खूण करा. एका मुलाने घड्याळ बघायचं, दुसऱ्याने दर दहा सेकंदांनी एक चिठ्ठी एक खूण पुढे सरकवायची. पन्नास खुणा, आठ मिनिटं वीस सेकंद. अर्ध्यात मुलं जांभया देतात, तरी पुरं करा.

सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, या प्रमाणात सुमारे ४,००० किलोमीटरवर येतो. पणजीहून सरळ रेषेत सिंगापूर साडेतीन हजारांहून थोडं जास्त आहे. तारा त्याच्याही पलीकडे, आणि तोपर्यंत मधे दुसरं पपनस नाही.

पावसाळ्यात काय करायचं

जून ते सप्टेंबर पटांगणाचा विचार सोडा. तेव्हा नुसती अंतरं किंवा नुसते आकार करा.

अंतरांसाठी साडेतीन मीटर सुतळी पुरे. सूर्य-पृथ्वी अंतर १० सेंटिमीटर धरा. बुधाची गाठ ३.९ सेंटिमीटरवर, शुक्राची ७.२, पृथ्वीची १०, मंगळाची १५.२, गुरूची ५२, शनीची ९६, युरेनसची १९२ आणि नेपच्यूनची ३०० सेंटिमीटरवर. रंगीत दोरा गुंडाळला तर गाठीही नकोत. जुन्या घरातल्या सोप्यावर भिंतीला लावून ठेवता येते. यात सूर्य एक मिलिमीटरचाही होत नाही, म्हणून ग्रहांचे मणी ओवायचा मोह आवरा. ओवलेच तर 'आकार प्रमाणात नाहीत' अशी चिठ्ठी लावा.

आकारांसाठी मला १ : ५० कोटी आवडतं. १ सेंटिमीटर म्हणजे ५,००० किलोमीटर. पृथ्वी अडीच सेंटिमीटर, सोललेल्या सुपारीएवढी. शुक्र तिच्याहून किंचित लहान. मंगळ १.४ सेंटिमीटर, करवंद. बुध १ सेंटिमीटर, चणा. युरेनस आणि नेपच्यून १० सेंटिमीटरची दोन बेलफळं, शनी २४ सेंटिमीटरचा आणि गुरू साडेअठ्ठावीस सेंटिमीटरचा भोपळा. माटोळी, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात ती फळांची चौकट, बांधणाऱ्या हातांना ही यादी ओळखीची वाटेल. लाकडी चौकटीला सगळं एका ओळीत टांगलं की गुरूपुढे आपली सुपारी केवढी ते वर मान करून बघता येतं. देवाच्या माटोळीला हात लावू नका, वेगळी चौकट करा. घरच्यांशी भांडण होऊन प्रकल्प बंद पडलेला मी पाहिला आहे. सूर्य या प्रमाणात २.८ मीटरचा होतो, तो टांगायचा नाही. चौकटीमागच्या भिंतीवर त्याची नुसती कड खडूने काढा, वर्तुळाचा वरचा तुकडा आढ्यापर्यंत जाईल.

भोपळा पंधरा दिवस टिकतो, बेलफळंही टिकतात, करवंदं तिसऱ्या दिवशी गळतात. चौकट जास्त दिवस ठेवायची असेल तर मंगळ शाडूचा करा आणि लाल रंग द्या.